अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील जनमत चाचणी कशी वाचावी

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रचाराला रंग चढला की जवळजवळ रोज एखादी नवी जनमत चाचणी प्रसिद्ध होते आणि मथळ्यात कोण किती टक्क्यांनी पुढे एवढेच ठळकपणे छापले जाते. तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

प्रथम प्रश्न कोणाला विचारले गेले ते शोधावे. सर्व प्रौढ नागरिक, नोंदणीकृत मतदार आणि प्रत्यक्ष मतदानाला जाण्याची शक्यता असलेले संभाव्य मतदार हे तीन वेगळे गट आहेत. एका गटाच्या निष्कर्षाची दुसऱ्याशी तुलना करू नये. नमुना, म्हणजे प्रश्न विचारलेल्यांचा गट, मोठा म्हणजे चाचणी विश्वासार्ह, असेही समजू नये. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका भरून आल्या होत्या आणि त्यावरून त्याने रिपब्लिकन उमेदवार लँडन यांचा विजय वर्तवला; प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मतपत्रिका मुख्यतः दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांवरून पाठवल्या होत्या, म्हणजे मंदीच्या काळात खाऊनपिऊन सुखी असलेल्यांकडे; शिवाय उत्तर देण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्ट यांचे विरोधक अधिक होते.

त्यानंतर त्रुटीची मर्यादा, म्हणजे चाचणीतला आकडा खऱ्या प्रमाणापेक्षा किती कमी-जास्त असू शकतो ते, पाहावी. सुमारे १,००० जणांच्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यात ती अधिक-उणे ३ टक्के असते. मात्र ती प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागू होते, आघाडीला नव्हे. एकाला ४८ आणि दुसऱ्याला ४६ टक्के असतील, तर त्या दोन टक्क्यांच्या आघाडीची त्रुटी जवळजवळ ६ टक्क्यांपर्यंत जाते. थोडक्यात, लढत अटीतटीची आहे. नमुना लहान तितकी त्रुटी मोठी, म्हणून त्याच नमुन्यातील शंभरेक तरुणांवरून ‘तरुणाई कोणाकडे’ असे सांगणारी बातमी सरळ सोडून द्यावी.

पुढे भारांकन, म्हणजे नमुन्यात कमी-अधिक आलेल्या गटांना लोकसंख्येतील प्रमाणानुसार वजन देणे, कोणत्या निकषांवर केले ते तपासावे. २०१६ मध्ये राज्यांतील अनेक चाचण्यांनी शिक्षणाचा निकष वापरला नव्हता. पदवीधर अधिक संख्येने उत्तरे देतात आणि त्यांचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता, त्यामुळे विस्कॉन्सिन, मिशिगन व पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांचा पाठिंबा कमी दिसला.

राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय चाचण्यांची गल्लत टाळावी. अध्यक्षाची निवड राज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांनी होते; विजयासाठी अशी ५३८ पैकी २७० मते लागतात आणि मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला तेथील सर्व निर्वाचक मते मिळतात. २०१६ मध्ये देशभरात सुमारे दोन टक्के मते जास्त मिळूनही क्लिंटन पराभूत झाल्या.

चाचणी कोणत्या तारखांना झाली आणि खर्च कोणी केला हेही पाहावे. उमेदवाराच्या गोटातून बाहेर आलेली चाचणी सोयीची असते म्हणूनच बाहेर येते. शेवटी अनेक चाचण्यांची सरासरी काढावी. तिने योगायोगाची चूक कमी होते, पण सर्वच संस्थांपर्यंत एखादा गट पोहोचत नसेल तर ती उणीव सरासरीतही उतरते. २०२० मध्ये बायडन यांची आघाडी अशीच वास्तवापेक्षा मोठी दिसली होती.