खेळातून शिकवताय? मग या चुका टाळा

चौथीच्या वर्गात मी पहिल्यांदा काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन गेलो, तेव्हा नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून सगळे आकार रात्री जागून घरूनच करून नेले होते. त्रिकोण दाबून दाखवला, तो तसाच राहिला; चौकोन दाबून दाखवला, तो लुळा पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कोणता आकार दबत नाही?" निम्मा वर्ग गप्प.

सगळं सरांनीच करायचं

ही सर्वांत मोठी चूक, कारण ती चूक वाटतच नाही. वर्ग खूश असतो, आपणही खूश असतो. पण टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना हा काड्यांचा खेळ बनवला तो मुलांच्या हातात जावा म्हणून. तेव्हा दोघादोघांत डझनभर काड्या आणि नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे वाटून टाका. काड्यांचं गुल आधी खरवडून घ्या आणि नळी कापायचं ब्लेड मात्र आपल्याच हातात ठेवा.

उत्तर सांगायची घाई

पुढच्या वेळी मुलांनीच चौकोन केला. तो लुळा पडतो म्हणून एका मुलीने आत तिरकी पाचवी काडी घालायचं ठरवलं. बाभळीच्या काट्याने समोरासमोरच्या दोन नळ्यांना भोकं पाडली, काडी बसवली आणि चौकोन चेपून पतंगासारखा झाला. "सर, काडी पुरत नाही!" चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पाच-सात मिनिटं नुसती खटपट चालली. मग ती उठली, कोपऱ्यातल्या खराट्याचा एक हीर मोडून आणला, मापून तोडला आणि बसवला. चौकोन ताठ उभा! मी बोललो असतो तर ती खराट्यापर्यंत गेलीच नसती. मुलं अडली की मनात शंभर मोजा. फारच हताश झाली तर उत्तराऐवजी एक प्रश्न द्या.

मजा झाली, गणित राहिलं

शाळेच्या आनंद बाजारात, म्हणजे मुलांनी दुकानं मांडायच्या दिवशी, भेळेच्या गाड्यामागे पोरगं उभं असतं आणि सुट्टे पैसे आई मोजून देते. नफा किती झाला, हेही तीच सांगते. असा बाजार म्हणजे नुसती जत्रा. पालकांना गिऱ्हाईक करा, दुकानदार नको. चुरमुरे-फरसाणाचा खर्च मुलांनी आदल्या दिवशी वहीत लिहावा आणि संध्याकाळी गल्ला मोजून ताळा करावा. हिशोब चुकला तर फारच छान, सोमवारच्या तासाला तोच धडा.

दुसऱ्याचा प्रयोग जसाच्या तसा उचलणं

शहरातल्या शाळेचा व्हिडिओ बघून थर्माकोल आणि रंगीत कागदांवर खर्च करू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी डहाणूजवळ कोसबाडला १९५७ पासून आदिवासी मुलांमध्ये काम केलं. गुरं राखायची म्हणून जी मुलं शाळेत येत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. तिथली पानं, बिया, खडे हेच साधन. तुमच्या गावात ऊस असेल तर पेरं मोजा, वीटभट्टी असेल तर विटांचे थर मोजा.

आवाजाला घाबरणं

मुलं बोलत असतील तर जवळ जाऊन आधी ऐका. काडीबद्दल भांडत असतील तर चालू द्या.

साहित्य कपाटात

गणिताच्या साहित्याची पेटी कुलपात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, हे मी अनेक शाळांत पाहिलंय. नोंदवहीतली एखादी वस्तू कमी भरेल, ही भीती खरी असते. म्हणून काड्या, नळ्या, चिंचोके असं बिननोंदीचं सामान मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर, उघड्या डब्यात ठेवा. मधल्या सुट्टीतही त्याला हात लागू दे. काड्या संपल्या तर नवी काडेपेटी आणू.