मुलाचं पिवळ्या तापाचं लसकार्ड क्रूझवाले परत पाठवत होते, तेव्हा

लक्षण: लस वेळेत घेतलेली, तरी कार्ड अपलोड केलं की 'अपूर्ण' असा शेरा. तीन वेळा. आधी स्कॅनर बदलला, मग बालरोगतज्ज्ञांची लसीकरणाची फाइल जोडली, शेवटी त्यांचं पत्रही. शेरा तोच. वैताग आला, निघायला तीन आठवडे उरले होते.

मग कार्डावरचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचला. दोन चुका सापडल्या. तारीख नुसत्या आकड्यांत, ०४/०५ अशी. नियमाप्रमाणे दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने आणि महिना अक्षरांत हवा. दुसरं म्हणजे सहीची जागा कोरी. चार वर्षांचं पोर काय सही करणार, असं मीच ठरवलं होतं! तिथे पालकाची सही लागते.

पेनाने दुरुस्ती करू नका. खाडाखोडीनेच कार्ड बाद ठरू शकतं. ज्या अधिकृत केंद्रात लस घेतली तिथे पासपोर्ट आणि जुनं कार्ड घेऊन गेलो. त्यांनी नोंदवहीतून मूळ तारीख आणि बॅच क्रमांक उतरवून नवं कार्ड दिलं, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का मारला. नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, तिथेच पालक म्हणून सही केली आणि दोन्ही बाजू स्कॅन केल्या. दुसऱ्या दिवशी मंजूर.

लस घेतल्यावर १० दिवसांनीच कार्ड ग्राह्य धरतात. नव्या कार्डामुळे ही १० दिवसांची मुदत पुन्हा सुरू होत नाही. ती मूळ लसीपासूनच धरतात. बाळ ९ महिन्यांच्या आतलं असेल तर ही लस सहसा देत नाहीत, त्यामुळे बुकिंगआधीच कंपनीला विचारा.