लिनक्स ड्रायव्हरमधे जीपीआयओ पिनची दिशा आणि पहिली लेव्हल कशी सेट करायची

समजा रास्पबेरी पाय ४ च्या जीपीआयओ 17 वर (जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने चालवायची साधी इनपुट-आउटपुट पिन) सेन्सरची रिसेट लाइन जोडलीय, लाइन लो झाली की चिप रिसेटमधे जाते. ड्रायव्हर लोड होताना पिन आउटपुट करायची आणि चिप सुरुवातीला रिसेटमधेच ठेवायची, एवढंच काम. पण बरेच जण आधी दिशा बदलतात आणि व्हॅल्यू पुढच्या ओळीत लिहितात, ते अजिबात करू नका, कारण मधल्या वेळात रजिस्टरमधे जे आधीचं पडलेलं असेल तेच पिनवर येतं आणि रिसेट किंवा पॉवर इनेबलच्या लाइनला तेवढा झटका पुरतो. दिशा आणि व्हॅल्यू एकाच कॉलमधे द्या.

आधी डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल. सेन्सरच्या नोडमधे 'रिसेट-जीपीआयओज' प्रॉपर्टी टाका, त्यात पिन नंबर आणि जीपीआयओ_ॲक्टिव्ह_लो फ्लॅग, म्हणजे लाइन लो असताना 'चालू' धरायची.

मग प्रोबमधे (डिव्हाइस सापडलं की कर्नल बोलवतं ते ड्रायव्हरचं फंक्शन) डेव्हएम_जीपीआयओडी_गेट बोलवा, नाव फक्त 'रिसेट' द्यायचं, पुढचं '-जीपीआयओज' शेपूट कर्नल स्वतः लावतं. तिसरं आर्ग्युमेंट म्हणून फ्लॅग द्या जीपीआयओडी_आउट_हाय, आणि गोंधळ होतो तो इथेच! हा हाय व्होल्टेजचा नाही, त्याचा अर्थ 'रिसेट चालू', ॲक्टिव्ह लो आधीच सांगितलंय म्हणून तारेवर शून्य व्होल्ट येतं. ड्रायव्हरमधे उलटसुलट हिशोब करत बसू नका, ते डिव्हाइस ट्रीचं काम आहे, उद्या बोर्डवर सिग्नल उलटा करणारा इन्व्हर्टर आला तरी ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.

रिटर्न व्हॅल्यू तपासून एरर डेव्ह_एरर_प्रोबकडे द्या, जीपीआयओ कंट्रोलर अजून तयार नसेल तर -517 येतो आणि कर्नल प्रोब नंतर परत करतं. लाइन सगळ्या बोर्डांवर नसेल तर गेटचं ऑप्शनल रूप वापरा.

आता डेटाशीटमधे दिलाय तेवढा वेळ थांबा आणि जीपीआयओडी_सेट_व्हॅल्यू_कॅनस्लीपने 0 लिहा, तारेवर 3.3 व्होल्ट येईल. कॅनस्लीप अशासाठी की उद्या पिन आय-टू-सी एक्सपांडरवर (जादा पिन देणारी वेगळी चिप, तिच्याशी बोलताना थांबावं लागतं) गेली तरी चालतं, फक्त इंटरप्ट हँडलरमधून हे बोलवू नका.

बूटलोडरने आधीच चालू केलेल्या बॅकलाइटसारख्या लाइनला मात्र जीपीआयओडी_ॲझइज द्या, म्हणजे कर्नल हात लावत नाही, पण मग वापरायच्या आधी दिशा तुम्हालाच सेट करावी लागते.

शेवटी रूट होऊन डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टम) 'जीपीआयओ' फाइल कॅट करा. रिसेटच्या ओळीत 'आउट हाय' आणि पुढे 'ॲक्टिव्ह लो' दिसलं तर बरोबर आहे, कारण तिथली लेव्हल मात्र खऱ्या तारेवरची असते. नव्या कर्नलवर 17 च्या जागी 529 दिसेल, नंबर आता 512 पासून सुरू होतात.