बाईचा हार्ट अटॅक ओळखायचा कसा आणि टाळायचा कसा

"पित्त झालं असेल." "रात्री झोप नीट झाली नाही ना, म्हणून." "जरा पडते, बरं वाटेल." हार्ट अटॅक येत असताना बायका असं बोलतात आणि त्यात तास-दोन तास निघून जातात. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली की तिथला स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो, आणि मेलेला भाग पुन्हा तयार होत नाही. म्हणून शंका आली की ती मनात ठेवू नका. जवळच्या माणसाला स्पष्ट सांगा, "हे हृदयाचं असू शकतं."

१. नेमकं काय होतंय ते ओळखा

आधी एक गैरसमज दूर करते. बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही, असं हल्ली पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. स्त्रियांमध्येही छातीतला त्रास हेच सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. फक्त पुष्कळदा तो 'दुखणं' या शब्दात बसत नाही. दगड ठेवल्यासारखं जड वाटतं, आवळल्यासारखं होतं, जळजळतं. मग "छातीत दुखतंय का?" असं विचारलं की बाई अगदी खरेपणाने "नाही" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. अशा वेळी तिच्या हाताकडे बघा. तळवा पसरून ती छातीच्या मधोमध फिरवते का, मूठ दाबून धरते का? "जड वाटतंय? आवळतंय?" असं विचारा, उत्तर बदलेल.

सोबत धाप, दरदरून गार घाम, मळमळ, उलटी, चक्कर, उगाचच जीव घाबरा होणं, यांतलं काहीही असू शकतं. कळ जबड्यात, मानेत, खांद्यांत किंवा पाठीत फिरते. डावा हातच दुखायला हवा असं नाही. मधुमेह असलेल्या बाईला तर छातीत काहीही न होता नुसतीच धाप लागू शकते.

पुष्कळ जणींना शरीर आधीपासून सांगत असतं. अटॅक येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दहापैकी सात जणींना आधीपासून कधी नव्हे असा थकवा जाणवत होता आणि जवळपास निम्म्या जणींची झोप बिघडली होती. आता थकवा कुणाला नसतो? म्हणून कालच्या स्वतःशी तुलना करा. मागच्या महिन्यात एका दमात चढत होतात तो जिना आज मध्ये थांबून चढावा लागतोय का? अंथरूण आवरता आवरता बसावंसं वाटतंय का? तसं असेल तर डॉक्टरांना लवकरात लवकर भेटा. चालताना छाती आवळते आणि थांबलं की सुटते, असं नव्याने होऊ लागलं असेल तर त्याच दिवशी जा.

२. पहिली दहा मिनिटं

बसल्या जागी होणारा त्रास पाच मिनिटांत ओसरला नाही, किंवा सोबत धाप आणि घाम असेल, तर थेट अॅम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. फोनवर "बरं वाटत नाहीये" एवढंच सांगू नका. "छातीत जड वाटतंय, घाम येतोय, हार्ट अटॅकची शंका आहे" असं सांगा. दाराची कडी काढून ठेवा आणि पाठ टेकून बसून राहा.

अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि कुठे रक्तस्राव होत नसेल, तर अॅम्ब्युलन्सच्या फोनवरच्या माणसाला विचारून ३०० मिलिग्रॅमची साधी अॅस्पिरिन चावून खा. पॅरासिटामॉलने हे काम होत नाही. दुसऱ्या कुणाची जिभेखाली ठेवायची गोळी घेऊ नका, रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. जोरजोरात खोकण्याचा जो उपाय सगळीकडे फिरतो, त्याच्या नादी लागू नका.

बाई बेशुद्ध पडली आणि तिचा श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. घराबाहेर कोसळलेल्या बाईला ही मदत पुरुषापेक्षा कमी वेळा मिळते, असं अभ्यासांत दिसलं आहे. बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच त्यामागचं एक कारण आहे. कृपा करून तो विचार त्या क्षणी बाजूला ठेवा.

३. हॉस्पिटलमध्ये

पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. झाला नाही तर सोबतच्या माणसाने विचारावं, भीड बाळगू नये. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते. अँजिओग्राफीत अडथळा दिसला नाही, तरी "मग हे कशामुळे झालं?" हे विचाराच. धमनीला आकडी येणं (म्हणजे ती अचानक आवळली जाणं), बारीक रक्तवाहिन्यांचा आजार, धमनीचं आतलं अस्तर आपोआप फाटणं, ही कारणं नेहमीच्या तपासणीत निसटू शकतात. अस्तर फाटण्याचा प्रकार तर बहुतेक करून स्त्रियांमध्येच आढळतो. पन्नाशीच्या आतल्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनाही तो होतो.

४. टाळण्यासाठी

डॉक्टरांना आपला जुना इतिहास सांगा, त्यांनी विचारला नाही तरी. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, साखर वाढली होती का, पाळी चाळिशीच्या आत थांबली का, ल्युपस किंवा संधिवाताभ (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) यांसारखा, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार आहे का, छातीला रेडिएशन दिलं होतं का? यांतल्या प्रत्येक गोष्टीने हृदयाचा धोका वाढतो. बाळंतपण झालं, रक्तदाब उतरला, की फाइल कपाटात जाते. ती बाहेर काढा.

रक्तदाब घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीत आणि तोंड बंद. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो. घरचा आकडा वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.

तंबाखू कुठल्याही रूपात नको. सिगारेटचा धोका बायकांच्या हृदयाला पुरुषांपेक्षा जास्त असतो. पस्तिशी ओलांडली असेल आणि धूम्रपान असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. घरकाम करून दमणं वेगळं आणि दम लागेल असं सलग चालणं वेगळं. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी. धडधाकट बाईने हृदयासाठी म्हणून रोज अॅस्पिरिन किंवा पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत.

आणि आजच एक करा. चालू औषधं, अॅलर्जी, रक्तदाब आणि जुना ईसीजी असेल तर त्याचा फोटो, हे सगळं मोबाइलमध्ये एका जागी ठेवा आणि ते कुठे आहे हे घरातल्या दोघांना दाखवून ठेवा. जुना ईसीजी हाताशी असला की नव्यात काय बदललं ते डॉक्टरांना लगेच दिसतं.