पुढचा टायर आधी ठरवा

गोव्यात साखळीच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या मे महिन्यात केरीचा एक कॉलेजातला मुलगा सायकल ढकलत आला. डोंगरवाटांची सायकल, चाकं 27.5 इंची, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालेला. "भाई, मागचा गेला. आहे तसलाच एक टाका, दोन्ही सारखे बरे दिसतात." मी त्याला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि अर्धा तास त्याच्याशी बोललो. तेच इथे लिहितो, कारण पावसाच्या तोंडावर निदान आठ-दहा जण हेच मागायला येतात.

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीला दोन्ही टायर सारखे चालतात. तो डांबरावरून जातो, मागे पावाची टोपली, वेग बेताचा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, किंवा चोर्ला घाटाखालच्या जंगलवाटांवर गोष्ट वेगळी. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं आणि थांबवायचं मोठं काम पुढच्या चाकावर पडतं. वळायचं कामही त्याचंच. मागच्या चाकावर एरवी वजन जास्त, पॅडलचा जोरही तिथेच लागतो, म्हणून ते लवकर झिजतं आणि दगडावर जास्त आपटतं. मागचं घसरलं तर सायकल शेपटी हलवते आणि आपण सावरतो. पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून पकड पुढे हवी, दणकटपणा मागे.

मला हे पडून कळलं. डिचोलीकडच्या एका सड्यावर, मे महिन्यातच. आदल्या दिवशी मी नवा कोरा टायर मागे चढवला होता आणि पुढचा तीन वर्षांचा तसाच ठेवला होता. उतारावरच्या वळणावर जांभ्याचे बोराएवढे गोल खडे पसरलेले होते. पुढचं चाक त्यांच्यावरून एकदम बाहेर गेलं. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर. जून महिन्यात, दुकानात सगळ्यात जास्त काम असतं तेव्हा, मला पान्हा धरता आला नाही. नंतर तो टायर उतरवून बघितला. मधली बटणं, म्हणजे नक्षीतले रबराचे उंचवटे, बरी होती, पण कडेची बटणं मुळाशी फाटलेली, बोटाने दाबली तर कागदासारखी वाकत होती. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा टायर मी मधून बघत नाही, आधी कडेच्या बटणांना अंगठा लावतो. वळताना सायकल कलते तेव्हा तीच बटणं जमीन धरतात.

आता आपली जमीन. उन्हाळ्यात सडा म्हणजे खाली फरशीसारखा कडक जांभा आणि वर सुटे खडे. इथे फार उंच बटणांचा चिखलाचा टायर लावलात तर कडक दगडावर बटणं वाकतात आणि सायकल डुगडुगल्यासारखी वाटते. पुढे मध्यम उंचीची, जरा लांब लांब बसवलेली बटणं घ्या, कडेची ओळ जाड आणि सलग हवी. मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ हा याचा जुना आणि खात्रीचा नमुना. त्यातला एफ म्हणजे पुढचा. त्याच घराण्यातला डीएचआर मागचा, त्याच्या मधल्या बटणांच्या आडव्या कडा ब्रेक लावताना माती खोदून धरतात. माझ्या सायकलीला पुढे 2.3 इंच रुंदीचा डीएचएफ आणि मागे मॅक्सिसचाच आर्डेंट 2.25 आहे. आर्डेंट डीएचआरपेक्षा हलका फिरतो. साखळीहून केरीपर्यंत डांबरावर पॅडल मारत जायचं आणि मग जंगलात शिरायचं, तर मागे असाच टायर बरा. दोन्हीकडे जाड बटणांचे टायर लावून आलेले लोक अंजुणे धरणापर्यंत पोचतानाच दमलेले मी बघितले आहेत.

नक्षीएवढंच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाचं असतं रबर. दुकानात टायर हातात आला की बटणात नख रुतवा. नख सहज आत गेलं आणि खूण हळूहळू भरून आली तर रबर मऊ. नख घसरून गेलं तर कडक. पुढे मऊ घ्या, मागे जरा कडक. मऊ रबर मागे लावलंत तर एका हंगामात संपेल. श्वाल्बे कंपनीच्या अ‍ॅडिक्स रबराच्या टायरवर रंगाची रेघ असते: लाल वेगासाठी, निळी वेग आणि पकड दोन्हींसाठी, नारिंगी मऊ, जांभळी सगळ्यात मऊ. नारिंगी पुढे आणि निळी मागे ही जोडी आपल्याकडे छान चालते.

पावसात हेच रबर कामाला येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की तांबडी माती टायरला अशी चिकटते की बटणांमधली जागा भरून टायर गोटा होतो. बटणं विरळ असतील तर माती फेकली जाते, दाट असतील तर बसून राहते. म्हणून पावसाळ्यात मी आर्डेंट काढून मागे डीएचआर लावतो. ओल्या कातळावर मात्र नक्षीचा फार उपयोग नाही, तिथे मऊ रबर आणि कमी हवा हेच धरतात. आणि कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ चढलं, वर पोफळीची ओली झावळ पडली, की जगातला कुठलाही टायर धरत नाही. तिथे उतरून चालत जा. हे मी मनापासून सांगतो.

मागच्या टायरची कड, म्हणजे बटणं आणि रिम यांच्यामधली बाजू, जाड हवी. चिरेखाणीच्या, म्हणजे जांभा कापून काढतात त्या खाणीच्या, आसपास फुटक्या चिऱ्यांच्या कडा सुरीसारख्या असतात, टायरची कड चिरली तर पंक्चरचा पॅच तिथे टिकत नाही. टायरवर 60 टीपीआय किंवा 120 टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती धागे. 120 चा टायर हलका आणि लवचीक, 60 चा जाड धाग्यांचा, मार खाणारा. कडेला संरक्षक पट्टी असलेला असेल तर आणखी चांगलं. दुसरी गोष्ट करवंदीचे काटे. ते दुहेरी फाट्याचे असतात, एक बाहेर काढला तरी दुसरं टोक आत राहतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जुनं सुती फडकं फिरवा. काटा असेल तिथे फडकं अडकतं आणि बोट वाचतं.

रुंदी ठरवताना आधी रिम बघा. टायरच्या कडेला 57-584 असा आकडा असतो. 57 म्हणजे मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी, 584 म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. 584 हा 27.5 चा, 622 हा 29 चा आणि 559 जुन्या 26 चा. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. रिम आतून 25 मिलिमीटर असेल तर 2.25 ते 2.4 छान बसतो, 30 असेल तर 2.4 ते 2.6. रिम 19-20 ची असून वर 2.4 चढवलात तर टायर विजेच्या बल्बसारखा फुगतो आणि वळणावर डुलतो. स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींची रिम अशीच अरुंद असते, त्यांना 2.25 पुरे. मागे फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंनी करंगळी जाईल एवढी जागा ठेवा, नाहीतर चिखलातले खडे फ्रेमचा रंग खरवडून काढतात.

हवेबद्दल लोक फार चुकतात. टायरवर 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणून 65 भरतात. ती कमाल मर्यादा आहे. तेवढ्या हवेत टायर खड्यांवरून उड्या मारतो. माझं वजन 68 किलो. ट्यूब असताना मी पुढे 28 आणि मागे 32 ठेवायचो, आता ट्यूबलेसमध्ये, म्हणजे बिनट्यूबच्या टायरमध्ये, पुढे 24, मागे 27. तुम्ही इथून सुरू करा आणि दोन-दोनने कमी-जास्त करून बघा. पुढे नेहमी मागच्यापेक्षा दोन-चार कमी. ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. हवा सकाळी सावलीत मोजा, उन्हात तापलेल्या टायरचा काटा दोन-तीनने जास्त दाखवतो. ट्यूबलेसमधलं, भोक पडलं तर बुजवणारं दुधासारखं सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच चढवा. काही टायरवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात.

त्या मुलाकडे एकाच टायरचे पैसे होते. मी त्याचा गुळगुळीत मागचा काढला. पुढचा काढून बघितला, कडेची बटणं शाबूत होती, मधली थोडी झिजलेली. तो मागे चढवला आणि नवा, मऊ रबराचा 2.25 पुढे. टायर बदलायचा क्रम हाच ठेवा: नवा नेहमी पुढे, पुढचा मागे, मागचा बाद. उलटं कधीच करू नका, मागचा झिजलेला पुढे आणू नका. तो म्हणाला, "भाई, आता दोन्ही वेगळे दिसतात." मी म्हटलं, "आधी सड्यावर एक चक्कर मारून ये." तासाभराने परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत तांबडा धुरळा होता. पुढची हवा दोनने कमी करून मागितली आणि गेला.