बंद पडलेली बाग पुन्हा सुरू करताय? मग या चुका टाळा

प्रत्येक वॉर्डात अशी एक बाग असतेच. झोपाळ्याची साखळी तुटलेली, कारंजं कोरडं, गेटला कुलूप आणि आत कमरेएवढं गाजर गवत. मग कधीतरी आसपासच्या लोकांना वाटतं की इथे मुलांचे खेळ, वाचन कट्टा, बायकांचे व्यायाम, बियाणं-रोपांची देवाणघेवाण असं काहीतरी सुरू करूया. खूप चांगला विचार आहे आणि तो अगदी मनापासून करावा, पण बऱ्याच ठिकाणी त्याच त्याच गोष्टींवर गाडी अडते, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे जागा कोणाची हे न बघता कामाला लागणं. गेटवर महापालिकेची पाटी आहे म्हणजे जागा उद्यान विभागाचीच असं अजिबात नाही, ती लेआउटमधली अ‍ॅमेनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) असू शकते, सोसायटीची असू शकते, सातबाऱ्यावर सरकारचं नावही निघू शकतं. प्रॉपर्टी कार्ड (शहरी जमिनीचा मालकीचा उतारा) काढा, विकास आराखड्यात आरक्षण काय आहे, म्हणजे जागा कशासाठी राखून ठेवली आहे, ते लेखी घ्या (मुंबईत डीपी रिमार्क, पुण्यात झोन दाखला), मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आरक्षण बागेचं असेल तर तिथे हॉल किंवा समाजमंदिर बांधायचा विषय कोणी काढला तरी थांबवा. आरक्षण बदलायचं तर १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याप्रमाणे नोटीस, हरकती-सूचना, शासनाची मंजुरी हे सगळं लागतं, महापालिकेच्या नुसत्या ठरावाने होत नाही. बंगळुरूमध्ये बागेसाठी ठेवलेली जागा एका खासगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वाटपच रद्द ठरवलं. तो निकाल जवळ ठेवा, उपयोगी पडतो.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आधी बांधकाम, मग वापर. निधी मंजूर झाला की कमान, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, स्टेज, सगळं एकदम उभं राहतं आणि उद्घाटनानंतर वर्षभरात ती जागा पुन्हा ओसाड, कारण बांधायला पैसे होते पण झाडायला, पाणी घालायला, दिवा बदलायला कोणाच्याच बजेटमध्ये काही नव्हतं. उलट करा. आधी फक्त चार गोष्टी मागा: सफाई, दिवे, पाण्याचा नळ आणि उघडं राहणारं टॉयलेट. आणि आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाचच माणसं आली तरी चुकवायचं नाही. दोन-तीन महिन्यांत लोक कुठे बसतात, मुलं कुठून पळतात, आज्या कोणत्या झाडाखाली थांबतात हे आपोआप दिसतं, मग बाक तिथे टाका. नाहीतर काय होतं, लोखंडी बाक पश्चिमेच्या उन्हात ठेवला जातो आणि एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसहापर्यंत त्याला हातसुद्धा लावता येत नाही.

पेव्हर ब्लॉकबद्दल विशेष सांगतो. पहिला जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन जा आणि पाणी कुठे साचतंय त्याचे फोटो काढा, दुसऱ्या दिवशी तिथे चुन्याने खुणा करा आणि महापालिकेच्या ज्युनिअर इंजिनिअरला जागेवर बोलवून दाखवा. काळी माती असेल तर जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते, ब्लॉक वरखाली होतात, खळग्यात शेवाळ धरतं आणि मग म्हातारी माणसं घसरतात. झाडाच्या बुंध्याला चिकटून तर काहीच टाकू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) २०१३ मध्ये दिल्लीसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, तेवढा हिशोब आपणही धरावा. आणि फांदी तोडायची असली तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, शहरातली झाडं जपण्यासाठीचा राज्याचा १९७५ चा कायदा आहे.

श्रमदानात एक गोष्ट नेहमी राहून जाते. गाजर गवत मुलांना उघड्या हातांनी उपटायला लावू नका, अंगावर खाज आणि पुरळ उठतं, काहींना दम्याचा त्रासही होतो. हातमोजे, फुल शर्ट, आणि पांढरी फुलं यायच्या आत, ओल्या मातीत, मुळासकट काढायचं. त्याआधी मोठ्यांनी दाताळ्याने जमीन ओढून बाटल्यांच्या काचा वेगळ्या कराव्यात.

मग जागा कोणाची होऊन बसते हा प्रश्न येतो. सकाळी योगा ग्रुप, संध्याकाळी क्रिकेटवाली मुलं, आणि दुपारी कुलूप. घरकाम करणाऱ्या बायकांना दोन घरांच्या मधला वेळ दुपारीच असतो, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना सावली दुपारीच हवी असते, तेच बाहेर राहतात. बारा-तेरा वर्षांच्या मुली क्रिकेट सुरू झालं की यायच्या बंद होतात, हे तर कुठेही जाऊन बघा. वेळापत्रक करताना या लोकांना मीटिंगला बोलवून भागत नाही, त्यांच्या वेळेला जाऊन विचारा. वॉचमनलाही विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

शेजारच्या बिल्डिंगमधून आवाजाची तक्रार आली तर भांडू नका, ती बहुतेक वेळा खरी असते. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. स्टेजचं तोंड फिरवा, स्पीकर काढूनच टाका, छोट्या कार्यक्रमाला तो लागतच नाही.

पैशाचं म्हणाल तर पुण्यात २००६ पासून नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा. पण "बागेचा विकास करावा" असं लिहिलेला फॉर्म बाजूला पडतो. "पूर्वेकडच्या भिंतीलगत चार दिवे, बोअरची मोटर दुरुस्ती" असं लिहा, सोबत फोटो लावा.

संस्थेने बाग "दत्तक" घ्यायचा, म्हणजे करार करून देखभाल स्वतःकडे घ्यायचा, मार्ग सोपा वाटतो, तिथे मात्र सांभाळून. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागा दत्तक द्यायच्या धोरणावर एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली, कारण अशा काही जागांवर क्लब उभे राहिले होते आणि सामान्य माणूस गेटबाहेर राहिला होता. म्हणून करार करायचाच तर त्यात प्रवेश मोफत, वेळ अमुक ते अमुक, पक्कं बांधकाम नाही आणि मुदत किती हे स्पष्ट लिहून घ्या. आणि जमाखर्चाचा कागद दर महिन्याला गेटवर लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, जे ग्रुपमध्ये नाहीत त्यांनाही तो वाचता आला पाहिजे.