मागून मोटार आली की हिरवा, सायकलला मात्र लालच? या चुका टाळा

पुण्याहून सनीव्हेल किंवा सॅन होजेला आलेला सायकलस्वार सुरुवातीला हमखास वैतागतो. आडवा रस्ता रिकामा, तरी दिवा लालच. आपल्याकडचे बहुतेक सिग्नल ठरल्या वेळी बदलतात. कॅलिफोर्नियातले बरेचसे मात्र लेनमध्ये वाहन आल्याचं कळल्यावरच बदलतात.

डांबर कापून आत तारेचे वेढे पुरलेले असतात. वेढ्यात उलटसुलट दिशेने वाहणारा वीजप्रवाह खेळत असतो. वर धातू आला की वेढ्याचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) किंचित घटतं आणि सिग्नल चालवणाऱ्या कोपऱ्यातल्या पेटीला ते कळतं. वजनाचा इथे काही संबंध नाही, तेव्हा सायकलवर जोर देऊन काही होत नाही. फ्रेमला लोहचुंबक लावणंही वायाच. विकणाऱ्याचं तेवढं भलं होतं. फ्रेम कार्बनची असली तरी अ‍ॅल्युमिनियमच्या रिम चालून जातात.

खरी चूक उभं राहण्याच्या जागेत असते. फुटपाथला चिकटून थांबलात तर वेढ्याला तुमचा पत्ताच लागत नाही. थांबण्याची रेषा ओलांडून पुढे गेलात तर वेढा मागे राहतो. साध्या चौकोनी वेढ्याच्या मधोमध थांबणंही चूकच, कारण सायकल सर्वांत चांगली कळते ती तारेवर. दोन्ही चाकं बाजूच्या कापाच्या रेघेवर घ्या. चौकोनाच्या मधून तिसरी उभी रेघ गेलेली दिसली तर तिच्यावर. काही ठिकाणी सायकलस्वाराचं पांढरं चित्र रंगवलेलं असतं, त्याच्या वर-खाली उभ्या रेघा असतात. मग शोधाशोध नकोच, चाकं त्या रेघांवर ठेवा. डावीकडे वळायच्या लेनचा वेढा वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात.

खांबावर कॅमेरा किंवा रडार असेल तर कापाच्या रेघा शोधू नका. लेनमध्ये, थांबण्याच्या रेषेमागे उभे राहा.

एवढं करूनही दिवा हलला नाही तर लाल तोडू नका. उतरून पादचाऱ्यांचं बटण दाबा आणि झेब्रावरून जा.

मग शहराच्या वाहतूक विभागाला कळवा. 'सिग्नल बिघडलाय' एवढ्याने भागत नाही: चौक, दिशा, लेन, वेळ, सगळं लिहा. वेढ्याची संवेदनशीलता पेटीतून वाढवता येते. 2007 च्या राज्य कायद्यानुसार नव्याने बसवलेल्या किंवा वेढा बदललेल्या अशा सिग्नलला शक्य तिथे सायकल कळलीच पाहिजे. हिरवा मिळतो पण चौक ओलांडेपर्यंत टिकत नाही, ही तक्रार वेगळी करा. राज्याच्या सूत्रात हिरवा, पिवळा आणि सगळ्या दिशांना एकदम लाल मिळून किमान 6 सेकंद, अधिक सेकंदाला 14.7 फूट वेगाने चौक पार करायचा वेळ धरलेला आहे.